ब्राउझरचा पडदा काळा का पडतो?

एका ठिकाणी बसून दुसऱ्या ठिकाणचा संगणक चालविण्याची जी सोय आहे, तिला 'रिमोट डेस्कटॉप' असे म्हणतात. ही सोय नवी नाही. विंडोज प्रणालीच्या 'एनटी 4.0'ची 'टर्मिनल सर्व्हर' नावाची आवृत्ती 1998 साली निघाली, तिच्यात ती होती. पुढे 2001 सालच्या 'एक्सपी'बरोबर ती साध्या संगणकांपर्यंत येऊन पोहोचली. आज कचेरीतला लेखनिक घरी बसून कचेरीच्या संगणकावरील काम पुरे करतो आणि पुण्यास नोकरी करणारा मुलगा फोंड्याच्या घरातील वडिलांचा संगणक तेथूनच नीट करून देतो. तथापि या सोयीमागून एक पीडाही पुष्कळदा येते. रात्री दुरून काम केलेले असते; सकाळी मनुष्य प्रत्यक्ष त्याच संगणकापुढे येऊन बसतो आणि पाहतो तो ब्राउझरची खिडकी काळीठिक्कर पडलेली. कधी ती नुसती पांढरी असते, कधी कालच्या पानाचे तुकडे आजच्या पानावर विखुरलेले दिसतात, तर कधी अक्षरे इतकी फोफावतात की एका ओळीत चार शब्दही मावत नाहीत.

अशा वेळी बहुतेक लोक संगणक बंद करून पुन्हा सुरू करतात. दोष जातो हे खरे. परंतु त्याबरोबर अर्धवट भरलेला अर्जही जातो. शिष्यवृत्तीचा किंवा परीक्षेचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस असला, म्हणजे हा उपाय किती महाग पडतो हे निराळे सांगावयास नको. म्हणून हा दोष मुळात काय आहे हे समजून घेणे अगत्याचे आहे.

ब्राउझर पान कसे दाखवतो ते प्रथम पाहू. दुरून येते ते चित्र नसते. ती एक लेखी सूचना असते. येथे मथळा, येथे परिच्छेद, येथे छायाचित्र, असा तिचा मजकूर असतो. ब्राउझर ती वाचून मांडणी ठरवितो, पानाचे चौकोनी तुकडे पाडतो, प्रत्येक तुकडा रंगवून घेतो आणि शेवटी ते सर्व तुकडे एकावर एक व एकापुढे एक बसवून अखंड दृश्य उभे करतो. हे रंगविण्याचे व बसविण्याचे काम पूर्वी संगणकाचा मुख्य प्रोसेसरच करीत असे. मार्च 2011 मध्ये 'इंटरनेट एक्सप्लोरर 9' व 'फायरफॉक्स 4' हे दोन ब्राउझर थोड्या दिवसांच्या अंतराने बाहेर पडले. त्या दोघांनीही हे काम ग्राफिक्स कार्डाकडे, म्हणजे 'जीपीयू'कडे, मोठ्या प्रमाणावर सोपविले. हे का करावे लागले याचा थोडा हिशेब केला तर पटेल. 1920 गुणिले 1080 ठिपक्यांच्या पडद्यावर एकूण 20,73,600 ठिपके असतात. पडदा सेकंदास 60 वेळा ताजा होतो. म्हणजे दर सेकंदास सुमारे साडेबारा कोटी ठिपक्यांचा रंग ठरवावयाचा. एकेका ठिपक्यास 4 बाइट धरले, तर केवळ एका पूर्ण चित्रास सुमारे 83 लाख बाइट लागतात. हे एकसुरी परंतु अफाट काम असल्यामुळे ते त्यासाठीच घडविलेल्या यंत्राकडे देणे शहाणपणाचे ठरले. यालाच 'हार्डवेअर ॲक्सिलरेशन' किंवा 'ग्राफिक्स ॲक्सिलरेशन' म्हणतात.

आमच्याकडे जत्रेतील नाटकांसाठी रंगविलेले पडदे असत. राजवाड्याचा एक, अरण्याचा एक, रस्त्याचा एक. प्रवेश बदलला की पुन्हा रंगवीत बसावयाचे नाही. गुंडाळलेला पडदा सोडावयाचा. जीपीयू ब्राउझरसाठी असेच रंगविलेले पडदे आपल्या स्वतःच्या कोठीत, म्हणजे स्वतःच्या स्मृतीत, साठवून ठेवतो. पान वरखाली सरकविले की तेच तुकडे नव्या जागी बसवून देतो. म्हणून पान इतके हळुवार सरकते.

आता रिमोट डेस्कटॉप काय करतो ते पाहू, कारण खरी मेख येथेच आहे. पुष्कळांची अशी समजूत असते की, दुरून जोडणी केली म्हणजे कचेरीतल्या पडद्यावरील चित्र जसेच्या तसे आपल्याकडे पाठविले जाते. 'एनीडेस्क', 'टीमव्ह्यूअर' या प्रकारचे कार्यक्रम सामान्यतः तसे करतात खरे. परंतु विंडोजचा स्वतःचा रिमोट डेस्कटॉप तसे करीत नाही. तो कचेरीतल्या पडद्यास कुलूप लावतो आणि आपण चालविलेले सर्व कार्यक्रम उचलून एका नव्या, काल्पनिक पडद्यावर नेऊन ठेवतो. या काल्पनिक पडद्याची लांबीरुंदी घरच्या संगणकावरून ठरते आणि त्याचा चित्रचालक, ज्याला 'ड्रायव्हर' म्हणतात, तोही निराळा असतो. सकाळी आपण कचेरीत येऊन परवलीचा शब्द टाकला की, सर्व कार्यक्रम पुन्हा उचलून खऱ्या पडद्यावर आणले जातात.

म्हणजे नाटक मंडळी एका रात्रीत दोनदा बिऱ्हाड हलविते. प्रत्येक वेळी रंगविलेल्या पडद्यांची जुनी कोठी मागे राहते. विंडोज प्रत्येक कार्यक्रमास कळविते की, 'तुझे चित्रसाधन आता गेले, नवे घे व सर्व पुन्हा रंगव.' शिस्तीचा कार्यक्रम ते ऐकतो आणि पाहणाऱ्यास काही कळतही नाही. ब्राउझर बहुधा शिस्तीनेच वागतात. पण त्यांचा पसारा मोठा असतो. वीसवीस पाने उघडी, त्यांत चलचित्रे, नकाशे. त्यातच ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर जुना असला तर हा निरोप अर्धवट पोहोचतो. मग ब्राउझर जुन्या कोठीतलाच पडदा मागतो, आणि त्या जागी असते काळोखी किंवा भलत्याच चित्राचा तुकडा.

येथे थोडा इतिहासही उपयोगी पडतो. रिमोट डेस्कटॉपची रचना झाली त्या काळी कार्यक्रम प्रणालीला 'येथे रेघ काढ', 'येथे हे अक्षर लिही' अशा आज्ञा देत. त्याच आज्ञा तारेवरून दुसऱ्या टोकास पाठविल्या की काम होई. आणि आज्ञा लहान असल्यामुळे मंद तारही पुरत असे. पुढे कार्यक्रम स्वतःच जीपीयूकडून रंगवून घेऊ लागले, तेव्हा पाठवावयास आज्ञा उरल्या नाहीत. तयार चित्रेच दाबून लहान करून पाठविणे भाग पडले. दोन सोयी निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या गरजांतून जन्मास आल्या आणि नंतर त्यांना एका घरात नांदावे लागले. त्यांच्या कुरबुरी आपल्याला पडद्यावर दिसतात, असे म्हणण्यास हरकत नाही.

दोष दिसताच प्रथम काय करावे? काहीही बंद करू नये, आणि पान ताजे करण्याची 'एफ 5' ही कळ तर मुळीच दाबू नये. कारण पान ताजे झाले की अर्जात लिहिलेले बहुधा पुसले जाते. त्याऐवजी माऊसचा बाण त्या काळ्या भागावरून सावकाश फिरवावा. मधेच बाणाचा हात झाला किंवा लिहिण्याची उभी रेघ झाली, तर समजावे की तेथे दुवा किंवा लिहिण्याची जागा आहे. पान शाबूत आहे. फक्त रंगविले गेलेले नाही. ही परीक्षा अगदी साधी आहे, परंतु माझ्या मते या सर्व प्रकरणात तिच्याइतकी धीर देणारी दुसरी गोष्ट नाही. अशा न दिसणाऱ्या चौकटीत टिचकी मारून कंट्रोल व 'ए', मग कंट्रोल व 'सी' या कळा दाबल्या, आणि 'नोटपॅड'मध्ये जाऊन कंट्रोल व 'व्ही' दाबले, तर आंधळेपणानेही लिहिलेला मजकूर वाचविता येतो.

दुसरी परीक्षा दोष कोठे आहे हे सांगते. पडद्याचे छायाचित्र संगणकाकडूनच घ्यावे, म्हणजे 'स्क्रीनशॉट' घ्यावा, आणि तो भ्रमणध्वनीवर पाठवून पाहावा. भ्रमणध्वनीवर चित्र स्वच्छ दिसले, तर दोष संगणकाच्या आत नसून पडद्यात किंवा त्याच्या वायरीत आहे. तेथेही काळे दिसले, तर तो आत आहे. मग दुसरा एखादा ब्राउझर उघडावा. तो ठीक असेल तर पहिल्याचाच दोष. तोही बिघडलेला असेल, इतर कार्यक्रमांच्या खिडक्याही फाटक्या दिसत असतील, तर ड्रायव्हरचा. आणि एकाच संकेतस्थळाचे एकच पान बिघडलेले असेल, तर रिमोट डेस्कटॉपला उगाच दोष देऊ नये. ते पानच वाईट असण्याचा संभव अधिक.

आता उपाय. ज्यात काही गमवावे लागत नाही तो आधी करावा, हा नियम वैद्यकास लागू आहे तसा येथेही. खिडकी खाली मिटवून पुन्हा उघडावी, किंवा तिची कड धरून ती लहानमोठी करावी. मापे बदलली की ब्राउझरला पान पुन्हा रंगवावेच लागते. एवढ्याने न भागल्यास विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व 'बी' या चार कळा एकदम दाबाव्या. पडदा क्षणभर मिटतो, बहुधा एक बारीक 'टूं' आवाज येतो, आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडे कार्यक्रम बंद पडत नाहीत. ही युक्ती संगणक रोज वापरणाऱ्यांपैकीही फार थोड्यांना ठाऊक असते, याचे नवल वाटते.

याहून नेमका उपाय 'क्रोम' व 'एज' या ब्राउझरांत आहे. शिफ्ट व एस्केप या कळा दाबल्या असता ब्राउझरच्या अंतर्गत कामांची एक यादी उघडते. क्रोम 2008 साली निघाला तेव्हापासून त्याची रीत अशी आहे की, सर्व काम एकाच कार्यक्रमाने न करता ते वेगवेगळ्या प्रक्रियांत वाटून द्यावयाचे. त्या यादीत पानांच्या ओळींबरोबर 'जीपीयू प्रोसेस' अशी एक ओळ असते. ती निवडून 'एंड प्रोसेस' म्हणावे. रंगाऱ्यास घरी पाठविले तरी दिग्दर्शक व नट जागेवरच असतात. ब्राउझर तत्काळ नवा रंगारी बोलावतो आणि पान पुन्हा उमटते. मात्र यादीतील आपल्या पानाची ओळ चुकूनही संपवू नये, नाही तर पानच जाईल.

माझ्या ओळखीच्या एका कचेरीत हा प्रसंग प्रत्यक्ष घडला. परीक्षेच्या अर्जांची मुदत संपावयाचा दिवस. लेखनिकाने आदल्या रात्री घरून रिमोट डेस्कटॉपने चाळीसएक विद्यार्थ्यांची माहिती एका लांबलचक पानावर भरून ठेवली होती, परंतु रात्री संकेतस्थळ मंद झाल्यामुळे ती जतन केली नव्हती. सकाळी ब्राउझर पांढराफटक. कोणी म्हणे संगणक बंद करा, कोणी म्हणे नव्याने भरावयास बसा. तेथल्या एका तरुण मदतनिसाने बाण फिरवून पाहिला, हात उमटला; त्याने वरील यादी उघडून ती एक ओळ संपविली आणि चाळीसही नावे जशीच्या तशी परत आली. तीन मिनिटांचे काम होते. न जमते तर चाळीस घरांचा जीव दुपारपर्यंत टांगणीला लागता.

हेही न जमल्यास ब्राउझर बंद करून उघडणे आले. उघडी पाने कंट्रोल, शिफ्ट व 'टी' दाबून परत मिळतात. त्यांत लिहिलेला मजकूर मात्र परत मिळेलच असे नाही.

दोष वारंवार येत असेल, तर जो तो एकच सल्ला देतो: ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करून टाका. क्रोममध्ये 'सेटिंग्ज'मधील 'सिस्टिम' या भागात त्याचे बटण आहे. फायरफॉक्समध्ये ते 'जनरल' भागात 'परफॉर्मन्स' या मथळ्याखाली, शिफारस केलेल्या मांडणीवरील खूण काढल्यावर दिसते. ब्राउझर पुन्हा सुरू केल्यावर बदल लागू होतो. हा सल्ला चुकीचा नाही, पण तो रोगाच्या परीक्षेसाठी घ्यावा, कायमचे पथ्य म्हणून नव्हे, असे मला वाटते. बटण बंद केल्यावर दोष गेला, तर कारण निश्चित झाले. पुढे ग्राफिक्स कार्डाचा नवा ड्रायव्हर संगणकाच्या किंवा कार्डाच्या उत्पादकाकडून घेऊन बसवावा आणि बटण पुन्हा चालू करून पाहावे. कायम बंद ठेवल्यास चलचित्रांचा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो, पंखा घरघरू लागतो, लॅपटॉपची बॅटरी लवकर उतरते, आणि त्रिमितीय नकाशे तर रखडत चालतात किंवा चालतच नाहीत. जुन्या संगणकावर, जेथे नवा ड्रायव्हर मिळण्याची आशाच उरलेली नाही, तेथे मात्र ते बंद ठेवणे हेच बरे.

अक्षरे मोठी किंवा अस्पष्ट दिसणे हा दोष निराळ्या कुळातला आहे. घरचा लॅपटॉप 1920 गुणिले 1080 चा व त्यावर 150 टक्के वाढ. कचेरीचा पडदा 1366 गुणिले 768 चा व वाढ 100 टक्के. दुरून जोडणी झाली की, कचेरीतले कार्यक्रम घरच्या मापाने वागू लागतात. परत आल्यावर काही कार्यक्रम जुनेच माप धरून बसतात, आणि विंडोज त्यांचे चित्र ताणून किंवा आवळून बसविते. त्यामुळे अक्षरांना धुके चढते. येथे एक खूण ध्यानात ठेवावी. पानातील अक्षरे तेवढी मोठी व वरची पट्टी नेहमीसारखी असेल, तर ती ब्राउझरची वाढ होय. कंट्रोल व शून्य दाबताच ती उतरते. पट्टीसकट सर्वच मोठे असेल, तर 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'डिस्प्ले' असे जाऊन 'स्केल'चा आकडा पाहावा. आकडा बरोबर असूनही धुके राहिले, तर एकदा 'साइन आउट' करून पुन्हा आत यावे.

मराठी वाचणाऱ्यास आणखी एक त्रास होतो, तो इंग्रजी वाचणाऱ्यास तितका जाणवत नाही. मंद जोडणीवर भार कमी व्हावा म्हणून रिमोट डेस्कटॉपमध्ये अक्षरांच्या कडा गुळगुळीत करण्याचे काम थांबविता येते. इंग्रजी अक्षरे त्यामुळे थोडी खडबडीत होतात इतकेच. देवनागरीत मात्र शिरोरेषेवरचा अनुस्वार रेषेला चिकटतो, जोडाक्षरातले अर्धे अक्षर पुसट होते, आणि ऱ्हस्व-दीर्घ उकार ओळखेनासे होतात. नावांच्या याद्या तपासणाऱ्याने हे विसरू नये. जोडणी करण्यापूर्वी 'एक्स्पिरियन्स' या पानावर 'फॉन्ट स्मूदिंग'ची खूण करून ठेवावी. परत आल्यावरही अक्षरे तशीच खडबडीत राहिली, तर ब्राउझर एकदा बंद करून उघडणे पुरते.

खिडकीच नाहीशी झाली, खालच्या पट्टीवर खूण दिसते पण पडद्यावर काही नाही, तर ती घरच्या दुसऱ्या पडद्याच्या जागी, म्हणजे आता अस्तित्वातच नसलेल्या जागी, जाऊन बसलेली असते. त्या खुणेवर टिचकी मारून विंडोज कळ व वरचा बाण दाबावा.

एका काळ्या पडद्याविषयी मात्र निराळे सांगितले पाहिजे, विशेषतः घरातील वडील मंडळींना. वर सांगितलेला काळेपणा आपण परत आल्यानंतरचा, आणि बहुधा ब्राउझरपुरताच असतो. परंतु कोणी अनोळखी मनुष्य बँकेचा अधिकारी म्हणून दूरध्वनी करतो, एखादा कार्यक्रम बसवावयास सांगतो, आपल्या संगणकात दुरून शिरतो आणि मग सबंध पडदाच काळा होतो, तेव्हा तो बिघाड नव्हे. अशा कित्येक कार्यक्रमांत यजमानाचा पडदा मुद्दाम झाकण्याची सोय असते. ती प्रामाणिक कामासाठी केलेली आहे, पण झाकलेल्या पडद्याआड पैसेही हलविता येतात. फेब्रुवारी 2019 मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने 'एनीडेस्क'सारख्या कार्यक्रमांच्या आधारे खात्यांतील पैसे लुबाडले जाण्याविषयी सावधगिरीची सूचना काढली होती. असा पडदा काळा झाल्यास कोणतीही कळ शोधीत बसू नये. इंटरनेटची तार उपटावी किंवा वाय-फायचे यंत्र बंद करावे, बँकेच्या अधिकृत क्रमांकावर कळवावे, आणि पैसे गेले असल्यास 1930 या सायबर तक्रारीच्या क्रमांकावर ताबडतोब सांगावे.

राहता राहिली ती प्रतिबंधाची गोष्ट. दुरून काम संपले की, बहुतेक जण खिडकीच्या कोपऱ्यातील फुलीवर टिचकी मारतात. त्याने जोडणी तुटते, काम संपत नाही; कचेरीतला ब्राउझर आपल्या सर्व पानांसह रात्रभर त्या काल्पनिक पडद्यावरच तिष्ठत राहतो आणि सकाळी खऱ्या पडद्यावर येताना अडखळतो. अर्धवट काही ठेवावयाचे नसेल, तर ब्राउझर बंद करून 'साइन आउट' करावे. ठेवावयाचेच असेल, तर आधी ते जतन करावे आणि मगच फुली दाबावी.